रंगाखालचा तडा मायक्रोवेव्हने सापडेल का? साखर कारखान्यातील मिल शाफ्टच्या निमित्ताने

निपाणी भागातील एका साखर कारखान्याच्या देखभाल विभागात काम करणाऱ्या अभियंत्यांनी विचारले आहे की, गेल्या गळीत हंगामात त्यांच्या एका मिल रोलरचा शाफ्ट चालू गाळपात तुटला. आता ऑफ-सीझनमध्ये सगळे रोलर खाली काढलेले आहेत. मायक्रोवेव्हच्या साहाय्याने रंग आणि ग्रीस न काढता धातूतील फटीग क्रॅक (पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने पडलेले तडे) सापडतात असे त्यांच्या वाचनात आले आहे. तेव्हा शाफ्टसाठी ही पद्धत वापरावी का, तिने तड्याची खोली कळते का, आणि बेळगावच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मायक्रोवेव्हचा बेंच (प्रयोगाचा संच) या कामी येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी बेळगावात राहून फौंड्री, मशीन शॉप आणि साखर कारखाने यांच्यासाठी एनडीटीचे, म्हणजे वस्तू न तोडता तिच्यातले दोष शोधण्याचे काम करतो, म्हणून जे हाताखालून गेले आहे त्याच्या आधारे उत्तर देतो.

आपण पद्धतीविषयी विचारले असले तरी आपली खरी अडचण वेगळी आहे. पुढचा शाफ्ट तुटू नये यासाठी तडा जिथे जन्माला येतो तिथपर्यंत पोहोचणारी तपासणी आपल्याला हवी आहे. ती जागा कोणती हे ठरल्याशिवाय पद्धत निवडता येत नाही, आणि मायक्रोवेव्हच्या बाबतीत तर ही अट इतर पद्धतींपेक्षाही कडक आहे. म्हणून आधी शाफ्टवर काय घडते ते पाहू.

मिलचा रोलर फिरतो तेव्हा वरच्या हायड्रॉलिक दाबामुळे शाफ्टला वाक येतो, आणि शाफ्ट फिरत असल्याने पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रशियात ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर जे प्रयोग केले, त्यांतील भाराचा प्रकार नेमका हाच होता. एकदाच लावला तर काहीही न करणारा भार पुन्हापुन्हा लावल्यास पोलाद तोडतो, हे त्या प्रयोगांनी पक्के केले. आपला रोलर मिनिटाला पाच फेरे घेतो असे धरले तर दिवसाला 7200 आणि दीडशे दिवसांच्या हंगामात 10,80,000 फेरे होतात. फिरण्याची गती इतकी संथ दिसते की फटीगचा विचार कोणाच्या मनात येत नाही, पण चार-पाच हंगामांत अर्धा कोटीच्या आसपास आवर्तने भरतात. त्यात उसाबरोबर दगड किंवा लोखंडाचा तुकडा आत गेला की मधूनच येणारा झटका वेगळा. अशा शाफ्टवर तडा बहुधा दोन ठिकाणी सुरू होतो: जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा शाफ्टचा भाग) जिथे जाड भागाला मिळतो तिथल्या फिलेटमध्ये (गोलसर कोपऱ्यात), किंवा कास्ट आयर्नचा शेल (ऊस दाबणारे बाहेरचे कवच) शाफ्टवर घट्ट बसवलेला असतो त्याच्या कडेखाली, जिथे दोन पृष्ठभाग सूक्ष्म घासाने एकमेकांना खात असतात. या दोन जागांमधला फरक पुढच्या सगळ्या विवेचनात महत्त्वाचा आहे.

आता मायक्रोवेव्हकडे येऊ. ज्या लहरींची वारंवारिता साधारण 300 मेगाहर्ट्झ ते 300 गिगाहर्ट्झ या पट्ट्यात असते त्यांना आपण मायक्रोवेव्ह म्हणतो. रंग, प्लास्टिक, काच-फायबर, ग्रीस, कोरडा गंज यांतून त्या पार जातात, परंतु धातूत शिरत नाहीत. 10 गिगाहर्ट्झला तांब्यात त्यांची स्किन डेप्थ (विरण्यापूर्वी लहर धातूत जेमतेम जेवढी उतरते ती खोली) सुमारे 0.66 मायक्रॉन असते, आणि पोलादात ती एक-दोन मायक्रॉनच्या घरात येते. म्हणजे शाफ्टच्या पोटात काय आहे याची या लहरींना काहीही वार्ता नसते. त्या धातूच्या वरच्या कातडीत विद्युतप्रवाह निर्माण करतात आणि परत फिरतात. त्या प्रवाहाच्या वाटेत तडा आडवा आला तर प्रवाहाला वळसा घ्यावा लागतो, थोडी लहर तड्याच्या फटीत उतरते, आणि परत येणाऱ्या लहरीची कला (फेज) व तीव्रता बदलते. तपासणारा हाच बदल वाचतो. एक्स-रे किंवा अल्ट्रासॉनिकप्रमाणे ही लहर धातूच्या आत डोकावते अशी समजूत अनेकांची असते आणि त्यातूनच अवास्तव अपेक्षा तयार होतात. तडा पृष्ठभागावर उघडणारा असेल तरच ही पद्धत लागू पडते, मग त्यावर रंग असो वा नसो.

1988 च्या एप्रिल महिन्यात हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या बोइंग 737 विमानाच्या वरच्या पत्र्याचा मोठा भाग उडत असतानाच निघून गेला आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. ते विमान 89,000 हून अधिक वेळा उडाले होते आणि रिव्हेटच्या ओळीत फटीगचे तडे साचले होते. जुन्या विमानांच्या तपासणीविषयी त्यानंतर जी जागरूकता आली, तिच्यामुळे रंगाखालचे तडे शोधण्याच्या अनेक पद्धतींवर जोमाने काम झाले. 1990 च्या दशकात अमेरिकेत रेझा झुघी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्या तोंडाचा वेव्हगाइड (लहर वाहून नेणारी धातूची पोकळ नळी) वापरून धातूवरचे तडे शोधण्याची जी रीत विकसित केली, तीच आज या विषयात आधारभूत मानली जाते, आणि आपल्या वाचनात आलेला मजकूर बहुधा तिच्याविषयीच असावा.

ही रीत समजायला सोपी आहे, आणि आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तिच्यातच आहे. इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या मायक्रोवेव्ह प्रयोगशाळेत सहसा एक्स बँडचा (10 गिगाहर्ट्झच्या आसपासचा) बेंच असतो: लहर निर्माण करणारा गन ऑसिलेटर, परतणारी लहर अडवणारा आयसोलेटर, तीव्रता कमी करणारा ॲटेन्युएटर, फटीची लाइन (लांब फट कापलेला वेव्हगाइड) आणि तिच्यावर सरकणारा डिटेक्टर. या लाइनच्या शेवटी असलेले वेव्हगाइडचे तोंड उघडे ठेवावे. त्याचे आतले माप 22.86 बाय 10.16 मिलिमीटर असते. त्यासमोर पोलादाची सपाट पट्टी धरली की जवळजवळ सगळी लहर परत येते आणि लाइनमध्ये स्थायी लहर उभी राहते. 10 गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेतली तरंगलांबी 30 मिलिमीटर असली तरी या वेव्हगाइडच्या आत ती सुमारे 39.7 मिलिमीटर होते. डिटेक्टर या स्थायी लहरीच्या शिखरावर किंवा तळावर न ठेवता मधल्या उतारावर ठेवावा, कारण तिथे लहर केसभर सरकली तरी मीटरवर फरक दिसतो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कोणत्याही वायरकटवाल्याकडून (विजेच्या ठिणग्यांनी तारेने धातू कापणाऱ्याकडून) दहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीत एक सरळ खाच कापून घ्यावी. 0.25 मिलिमीटरच्या तारेने सुमारे 0.3 मिलिमीटर रुंदीची खाच मिळते, आणि तिची खोली आपल्याला हवी तशी, समजा दोन मिलिमीटर, ठेवता येते. पट्टी मायक्रोमीटरच्या स्लाइडवर बसवावी, मध्ये पातळ टेफ्लॉनची चकती ठेवून अंतर पक्के करावे आणि पट्टी वेव्हगाइडच्या अरुंद बाजूच्या दिशेने हळूहळू सरकवावी. खाच तोंडाच्या बाहेर असेपर्यंत मीटर स्थिर राहतो. ती कडेला आली की काटा एकदम हलतो, खाच तोंडाच्या आत असेपर्यंत वेगळ्याच पातळीवर राहतो, आणि दुसऱ्या कडेतून बाहेर पडताना पुन्हा एकदम मूळ जागी येतो. या दोन झटक्यांमधले अंतर वेव्हगाइडच्या अरुंद मापाइतके, म्हणजे दहा मिलिमीटरच्या आसपास भरते. मग त्या खाचेवर रंगाचे दोन हात देऊन तोच प्रयोग पुन्हा करावा. डोळ्याला खाच दिसत नाही, डाय पेनिट्रंटला (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगीत द्रवाला) तर वाटच उरत नाही, पण मीटरवर तीच दोन टोकांची खूण उमटते. विद्यार्थ्यांसमोर मी हा प्रयोग मांडतो तेव्हा त्या खुणेच्या आकाराकडे लक्ष द्या असे आवर्जून सांगतो, कारण ओरखडा, खड्डा किंवा रंगाचा फुगा काटा हलवतो खरा, पण ठरावीक रुंदीची आणि दोन्ही कडांना धारदार असलेली खूण तो देत नाही.

आता दिशेची गोष्ट. या वेव्हगाइडमधल्या नेहमीच्या लहरीचे विद्युत क्षेत्र अरुंद बाजूला समांतर असते आणि धातूतला प्रवाहही बहुतांशी त्याच दिशेने वाहतो. तडा या प्रवाहाला आडवा, म्हणजे वेव्हगाइडच्या रुंद बाजूला समांतर असेल तर खूण ठळक येते. तोच तडा प्रवाहाच्या दिशेने लांब पसरलेला असेल तर प्रवाह त्याच्या दोन्ही अंगांनी निर्वेध निघून जातो आणि काटा जेमतेम हलतो. म्हणून ज्या ठिकाणी तड्याची दिशा माहीत नसते तिथे प्रोब, म्हणजे हे उघडे तोंड, काटकोनात फिरवून दोनदा तपासावे लागते. आपल्या शाफ्टवर मात्र दिशा ठाऊक आहे, कारण वाकामुळे येणारा तडा परिघाच्या दिशेने, शाफ्टच्या अक्षाला आडवा जातो.

इथेच एक अडचण उभी राहते आणि ती कागदावर गणित मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. तडा परिघाच्या दिशेने असल्याने विद्युत क्षेत्र अक्षाच्या दिशेने हवे, म्हणजे वेव्हगाइडची अरुंद बाजू अक्षाला समांतर आणि रुंद बाजू परिघावर आडवी बसली पाहिजे. जर्नलचा व्यास 400 मिलिमीटर असेल तर एक्स बँडच्या 22.86 मिलिमीटर रुंद तोंडाच्या दोन्ही टोकांना शाफ्टच्या गोलाईमुळे सुमारे 0.33 मिलिमीटरची फट राहते. प्रोब उलटा धरला असता तर ही फट 0.07 मिलिमीटरपेक्षाही कमी झाली असती, पण तसा धरला तर तडा दिसत नाही. ही फट आपल्या कामाच्या मुळावर येते, कारण प्रोब आणि धातू यांच्यामधल्या अंतरात थोडा जरी बदल झाला तरी परतीच्या लहरीची कला तड्यामुळे होणाऱ्या बदलापेक्षा कितीतरी अधिक सरकते. हाताने प्रोब फिरवताना अंतर हलतच राहते आणि त्या हेलकाव्यात तड्याची खूण बुडून जाते. यावर दोन उपाय आहेत. एक तर प्रोबच्या तोंडाला जर्नलच्या व्यासाप्रमाणे नायलॉनचे किंवा टेफ्लॉनचे खोगीर बनवून घ्यावे, म्हणजे अंतर कायम राहते. दुसरा उपाय लहान वेव्हगाइडचा. के बँडच्या (अधिक वारंवारितेच्या) 10.67 बाय 4.32 मिलिमीटरच्या तोंडाला त्याच जर्नलवर टोकाची फट फक्त 0.07 मिलिमीटर येते. शिवाय तोंड लहान झाल्याने आखूड तडाही त्याचा मोठा भाग व्यापतो आणि खूण स्पष्ट होते. त्याहून लहान का-ए बँडचे तोंड 7.11 बाय 3.56 मिलिमीटर असते आणि बारीक तड्यांसाठी ते अधिक उपयोगी पडते. मात्र वारंवारिता वाढेल तसे तेवढ्याच अंतराचे महत्त्वही वाढते, म्हणून खोगिराची गरज लहान प्रोबलाही राहतेच. शेजारी शेजारी दोन तोंडे ठेवून त्यांच्या संकेतांतला फरकच तेवढा मोजायचा, अशीही रचना करतात. दोन्ही तोंडांचे अंतर एकदमच हलत असल्याने तो हेलकावा पुष्कळसा वजा होतो. हात लावण्यापूर्वी ही रचना समजून घ्यावी असे मी सुचवेन.

रंगाविषयी आपण गृहीत धरले आहे की तो कसाही असला तरी चालेल. तसे नाही. साधा इनॅमल किंवा इपॉक्सी रंग, वंगण, वाळलेला रस आणि मळीचा पातळ थर यांची फारशी अडचण येत नाही. पेनिट्रंटच्या तुलनेत हा मोठा फायदा आहे, कारण तड्याच्या तोंडात ग्रीस किंवा रस आधीच जाऊन बसला असेल तर पेनिट्रंटला आत शिरायला जागा उरत नाही, पण मायक्रोवेव्हला ते भरण पारदर्शकच असते. ॲल्युमिनियम पेंट आणि जस्ताचे प्रमाण जास्त असलेला प्रायमर यांच्यात धातूचे कण असतात, म्हणून त्या थराचा नमुना पट्टीवर लावून आधी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. काळ्या रबराच्या अस्तरात कार्बन असतो आणि तो लहर शोषून घेतो. सर्वांत त्रासदायक म्हणजे पाणी. आपल्याकडे ऑफ-सीझनचे काम नेमके पावसाळ्यात चालते, आणि खानापूरपासून निपाणीपर्यंत त्या दिवसांत हवेत किती ओल असते हे आपल्याला सांगायला नको. रंगाच्या फुग्याखाली साचलेल्या पाण्यामुळे एवढा मोठा संकेत येतो की नवख्या माणसाला तो तडाच वाटेल. तपासणीपूर्वी पृष्ठभाग गरम हवेने वाळवावा आणि संशयास्पद जागा दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावी.

त्याउलट एक गोष्ट अशी आहे जिथे मायक्रोवेव्ह आणि पेनिट्रंट दोघेही हरतात. ग्राइंडरने घासलेल्या किंवा शॉट ब्लास्ट केलेल्या (छऱ्यांच्या माऱ्याने साफ केलेल्या) पृष्ठभागावर धातूची पातळ साय तड्याच्या तोंडावर ओढली जाते. ती साय काही मायक्रॉन जाडीची असली तरी स्किन डेप्थच्या मानाने जाडच ठरते आणि लहरीसाठी तिथे अखंड धातू उभा राहतो. रोलरचे जर्नल घासून चकचकीत केल्यावर तपासणीला बोलावण्याची प्रथा अनेक कारखान्यांत आहे. आपण तसे करू नये. तपासणी आधी आणि घासणे नंतर, असा क्रम ठेवावा.

खोलीच्या प्रश्नाचे उत्तर मी सावधपणे देतो. वायरकटच्या खाचेची खोली मायक्रोवेव्हने मोजता येते, कारण खाच म्हणजे तळ बंद असलेला एक अरुंद वेव्हगाइडच होतो आणि लहर तळाला टेकून परत येते. पण या मोजणीत संदिग्धता असते. खोली अर्ध्या तरंगलांबीने वाढली की तोच संकेत पुन्हा येतो. 24 गिगाहर्ट्झला तरंगलांबी 12.5 मिलिमीटर असते, म्हणून तीन मिलिमीटरची खाच आणि सव्वानऊ मिलिमीटरची खाच एकाच वारंवारितेवर सारख्या भासू शकतात. दोन वारंवारिता वापरून ही अडचण सोडवता येते. खऱ्या फटीगच्या तड्यात मात्र अडचण मुळातच वेगळी आहे. तो खाचेसारखा समांतर भिंतींचा नसतो, तोंडाशी थोडा उघडा असून खाली निमुळता होत जातो आणि भार नसताना त्याच्या दोन्ही भिंती अनेक ठिकाणी एकमेकींना टेकतात. भिंती जिथे टेकतात तिथे लहरीची वाट संपते. त्यामुळे मायक्रोवेव्हने जी खोली मिळेल ती तड्याच्या उघड्या भागाची असते, खरा तडा त्याहून खोल गेलेला असतो. शाफ्ट ठेवायचा की भंगारात काढायचा हा निर्णय या आकड्यावर घेऊ नये.

याच कारणामुळे खाचेवर मिळालेली संवेदनशीलता जशीच्या तशी तड्यावर धरता येत नाही. 0.3 मिलिमीटरची खाच दिसली म्हणजे काही मायक्रॉन रुंदीचा मिटलेला तडा दिसेलच असे नाही. शक्य असल्यास जर्नलची तपासायची बाजू ताणाखाली येईल अशा रीतीने रोलर ठेवावा. शेलवर टेकवलेल्या रोलरचे जर्नल दोन्ही बाजूंनी लोंबते, तेव्हा त्याची वरची बाजू ताणली जाते, म्हणून रोलर थोडा थोडा फिरवत वरच्या बाजूचेच वाचन घ्यावे. स्वतःच्या वजनाने येणारा हा ताण गाळपातल्या ताणापुढे अल्प असतो, तरीही मिटलेल्या तड्याचे तोंड किंचित उघडायला त्याची मदत होते. टोकाला जॅक देऊन तो वाढवता आला तर उत्तमच.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर मायक्रोवेव्हला पृष्ठभागावर उघडलेला, दिशा ठाऊक असलेला, रंगाने किंवा ग्रीसने झाकलेला तडा सापडतो. शेलखालचा, धातूच्या सायीने झाकलेला किंवा पूर्ण मिटलेला तडा त्याला सापडत नाही. आता आपल्या शाफ्टचे काय करावे ते सांगतो.

शेलच्या कडेखाली सुरू होणाऱ्या तड्यासाठी अल्ट्रासॉनिकला पर्याय नाही. शाफ्टच्या टोकाच्या सपाट तोंडावरून 2 मेगाहर्ट्झचा सरळ प्रोब लावून लांबीच्या दिशेने पाहिले तर फिलेट, पायऱ्या आणि शेलची कड यांच्या जागी येणारे प्रतिध्वनी ओळखता येतात. पोलादात या वारंवारितेची ध्वनिलहर सुमारे तीन मिलिमीटरची असते, त्यामुळे फार लहान तडा तीही सोडून देते, शिवाय घट्ट बसलेल्या शेलच्या कडेवरूनच एक प्रतिध्वनी येतो आणि तो तड्यापासून वेगळा करायला अनुभव लागतो. म्हणून प्रत्येक शाफ्टची नवीन असतानाची नोंद जपून ठेवावी आणि पुढच्या वर्षीच्या नोंदीशी ती ताडून पाहावी. एकट्या नोंदीपेक्षा दोन वर्षांतला बदल अधिक विश्वासाने बोलतो. जर्नलच्या फिलेटसाठी चुंबकीय कणांची तपासणी करावी, म्हणजे पोलाद चुंबकित करून तड्याशी गोळा होणारे बारीक कण पाहावेत. शाफ्टचे पोलाद चुंबकीय आहे, जर्नलवर रंग नसतोच, ग्रीस पुसता येते, आणि एसी योक (हातात धरायचा विद्युतचुंबक) घेऊन ओल्या फ्लोरोसंट कणांनी अंधारात पाहिले तर बारीक तडाही उजळून दिसतो. योक 4.5 किलोचे वजन उचलतो की नाही एवढे काम सुरू करण्यापूर्वी पाहून घ्यावे. ज्या जागेवर स्वस्त, सर्वांना परिचित आणि अधिक संवेदनशील पद्धत सहज लावता येते, तिथे मायक्रोवेव्ह आणण्यात मला हशील दिसत नाही.

मग आपल्या कारखान्यात त्याला जागा कुठे? माझ्या मते ज्या सांगाड्यांवर वर्षानुवर्षे रंगाचे थर चढलेले आहेत आणि तो रंग खरवडणे जिकिरीचे आहे तिथे. मिलवरच्या क्रेनचे गर्डर, केन कॅरियरच्या (ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या) चौकटी, साखरेचा ग्रासहॉपर (हलत साखर पुढे सरकवणारा कन्व्हेयर) ज्या पट्ट्यांवर हलतो त्यांची टोके, ही अशी ठिकाणे आहेत. चुंबकीय कणांची तपासणी साधारण 0.05 मिलिमीटरपर्यंतचा पातळ रंग सहन करते, त्यापुढे तिची संवेदनशीलता घटत जाते. जुन्या रंगाचे साचलेले थर त्याच्या कितीतरी पट जाड असतात. तिथेसुद्धा एडी करंट (कॉइलने धातूत भोवरी प्रवाह निर्माण करून तडा शोधण्याची पद्धत) ही मायक्रोवेव्हची खरी प्रतिस्पर्धी आहे. तिचे यंत्र बाजारात तयार मिळते, चालवणारे प्रशिक्षित लोक मिळतात आणि रंगावरूनच काम होते. मायक्रोवेव्हची सरशी होते ती थर आणखी जाड असेल तेव्हा, उदाहरणार्थ काच-फायबरच्या अस्तराखाली. वेल्डच्या टोकाशी असलेल्या तड्याच्या बाबतीत मात्र वेल्डचा उंचवटाच अंतर बदलवतो आणि मोठा संकेत देतो, म्हणून घासून सपाट न केलेल्या वेल्डवर मी ही पद्धत लावणार नाही.

कोणीतरी आपल्याला दार आपोआप उघडणाऱ्या यंत्रातले 10.525 किंवा 24.125 गिगाहर्ट्झचे स्वस्त रडार मॉड्यूल वापरायला सुचवेल. त्यांचा अँटेना लहर मोकळ्या हवेत पसरवण्यासाठी बनवलेला असतो, तड्याच्या तोंडावर ती एकवटत नाही. त्याचा नाद सोडून द्यावा.

महाविद्यालयाच्या बेंचविषयी माझे मत अनुकूल आहे, फक्त त्याच्याकडून शाफ्ट पास-नापास करण्याची अपेक्षा ठेवू नये. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आहे, त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रकल्पाच्या शोधात असतात, आणि आपल्या भंगारात खरे तडे गेलेले तुकडे पडून असतात. प्रयोगशाळेतल्या खाचा कोणीही कापून घेईल, पण लाखो आवर्तनांनी वाढलेला खरा तडा मिळणे अवघड. असा तुकडा त्यांना द्यावा, चुंबकीय कणांनी तड्याची लांबी आधी आखून घ्यावी, मग रंग लावून मायक्रोवेव्हने काय दिसते ते त्यांनी नोंदवावे. गन ऑसिलेटरची शक्ती काही मिलिवॅट असते, तरी उघड्या वेव्हगाइडच्या तोंडात डोळा घालून पाहू नये एवढी शिस्त पाळावी.

राहिला तुटलेला शाफ्ट. त्याचे दोन्ही तुकडे अजून विकले नसतील तर तुटलेली तोंडे तारेच्या ब्रशने घासू नका, एकमेकांवर टेकवू नका, फक्त तेलाचा हात देऊन झाकून ठेवा. त्या तोंडावर फटीगचा भाग गुळगुळीत आणि कडेपासून आत सरकत जाणाऱ्या वळ्यांचा दिसेल, आणि शेवटी एकदम तुटलेला भाग खडबडीत दिसेल. त्या वळ्या ज्या बिंदूभोवती फिरतात तिथे तड्याचा उगम आहे. तो बिंदू फिलेटमध्ये आहे की शेलच्या कडेखाली, तिथे लालसर तांबूस भुकटी लागली आहे का, उगम एकच आहे की परिघावर अनेक आहेत, आणि खडबडीत भाग एकूण क्षेत्रफळाच्या किती वाटा आहे, एवढे पाहून कळवा. सोबत जर्नलचा व्यास, फिलेटची त्रिज्या आणि तो शाफ्ट किती हंगाम चालला हेही लिहा. उगम शेलखाली निघाला तर उरलेल्या शाफ्टसाठी अल्ट्रासॉनिकची तारीख रोलर पुन्हा बसवण्याच्या आधीची ठरवा, आणि फिलेटमध्ये निघाला तर आधी चुंबकीय कणांची तपासणी उरका.